खाजगी रोजनिशीच्या ॲपमधील संकटकालीन मानसिक आधार : गोपनीयता आणि सुरक्षितता यांचा एक विचार

प्रस्तावना :

रोजनिशी म्हणजे माणसाने स्वतःशी केलेला लेखी संवाद होय. ती पेटीच्या तळाशी, गादीखाली किंवा कपाटाच्या कुलपात ठेवली जाते. कारण ती दुसऱ्याने वाचावयाची नसते, हाच तिचा पहिला नियम असतो. गेल्या दीड दशकात ही वही भ्रमणध्वनीतही आली. 'डे वन' हे रोजनिशीचे ॲप २०११ मध्ये आले, तर ॲपल कंपनीने 'जर्नल' हे स्वतःचे ॲप डिसेंबर २०२३ मध्ये उपलब्ध करून दिले. अशी अनेक ॲप्स आज महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हाती आहेत.

कागदाची वही आणि ॲप यांत एक मूलभूत फरक आहे. वही सारे काही ऐकून घेते, परंतु ती काही करू शकत नाही. ॲप मात्र लिहिलेले शब्द तपासू शकते, सूचना दाखवू शकते, दूरध्वनी जोडून देऊ शकते आणि प्रसंगी लिहिणाऱ्याच्या नकळत दुसऱ्याला कळवूही शकते. वसतिगृहातील एखादा विद्यार्थी रात्री दोन वाजता 'आता सहन होत नाही, सगळे संपवावेसे वाटते' असे लिहितो, अशी कल्पना करावी. त्या क्षणी ॲपने काय करावे? गप्प राहिले तर एक जीव धोक्यात सोडल्यासारखे होईल. परस्पर कोणाला कळवले तर ज्या विश्वासावर त्याने ते वाक्य लिहिले तो विश्वासच मोडेल. हा पेच कसा सोडवता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषयाचे महत्त्व :

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. त्या वर्षी राज्यनिहाय सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात झाली. ती संख्या २२,७४६ इतकी होती. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात सर्व शैक्षणिक संस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, तसेच हेल्पलाइनचे क्रमांक वसतिगृहे, वर्ग व सार्वजनिक जागा येथे ठळकपणे लावावेत, असे त्यांत नमूद आहे. त्यामुळे समुपदेशन कक्षाचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकांपुढे विद्यार्थ्यांना एखादे ॲप सुचवावे काय आणि सुचविल्यास कोणते, हा प्रश्न आता व्यावहारिक स्वरूपात उभा राहतो.

लेखनाने काय साधते :

दुःख लिहून काढल्याने मन हलके होते, हा लोकानुभव आहे. त्याची शास्त्रीय तपासणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस प्रत्येकी १५ मिनिटे आपल्या आयुष्यातील क्लेशकारक अनुभवाविषयी लिहिण्यास सांगण्यात आले. घटना आणि त्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आरोग्य केंद्राकडील फेऱ्या पुढील सहा महिन्यांत तुलनेने कमी झाल्याचे आढळून आले. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. लेखनाचा लाभ खरा आहे, परंतु तो सरासरीने लहान आहे, असे त्यातून दिसून आले.

या संशोधनातील दोन गोष्टी येथे विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, १९८६ च्या प्रयोगात लेखन संपताच विद्यार्थ्यांची मनःस्थिती सुधारली नव्हती, उलट तात्पुरती खालावली होती. म्हणजे लेखनाचा लाभ उशिरा मिळतो आणि त्रास लगेच होतो. दुसरी अशी की, एखाद्या विषयावर लिहिताना आपला तोल जाईल असे वाटल्यास त्या विषयावर लिहू नये, असा इशारा पेनेबेकर स्वतःच देतात. यावरून रोजनिशी ही उपचाराची जागा घेऊ शकत नाही, हे स्पष्ट होते. तसेच लेखनानंतरची काही मिनिटे नाजूक असू शकतात आणि आधाराची सोय नेमकी तेथेच हाताशी असावी लागते, हेही लक्षात येते.

यंत्राने वाचावे काय?

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे ॲपने सर्व लेखन सतत तपासावे आणि धोक्याचा मजकूर दिसताच संबंधितांना कळवावे. हा उपाय वरवर दयाळू वाटतो; परंतु त्यात तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण गणिताची आहे. उदाहरणादाखल एका ॲपचे १,००,००० वापरकर्ते आहेत आणि एखाद्या महिन्यात त्यांपैकी १०० जण खऱ्या संकटात आहेत, असे मानू. तपासणारी प्रणाली अतिशय चांगली आहे. ती संकटातील १०० पैकी ९० जणांना ओळखते आणि संकटात नसलेल्यांपैकी केवळ ५ टक्के लोकांच्या बाबतीत चुकते. तरीही ९९,९०० चे ५ टक्के म्हणजे ४,९९५ जणांवर चुकीचा शिक्का बसतो. एकूण ५,०८५ इशाऱ्यांपैकी खरे इशारे केवळ ९०, म्हणजे साधारणपणे ५६ मागे एक. उरलेल्या ५५ घरी अकारण दूरध्वनी जाईल. हा दोष प्रणालीच्या निर्मात्यांच्या कौशल्याचा नाही. विरळ घटना मोठ्या समूहात शोधताना तो अटळपणे उद्भवतो.

दुसरी अडचण भाषेची आहे. मराठीत 'जीव' आणि 'मरण' हे शब्द संकटापेक्षा रोजच्या बोलण्यातच अधिक येतात. 'भुकेने जीव चालला', 'हसून हसून मेलो', 'तिच्यावर माझा फार जीव आहे', 'निकालापायी जीव टांगणीला लागला', 'मरू दे ते सबमिशन' अशी वाक्ये कोणत्याही विद्यार्थ्याच्या रोजनिशीत आढळतील. त्यांतील एकही संकटाचे नाही. याउलट 'आता घरी कोणाला माझा त्रास होणार नाही' किंवा 'सर्वांची उसनवारी आज फेडून टाकली' या वाक्यांत मरणाचा शब्दही नाही. परंतु जाणता माणूस ती वाचून थबकेल. त्यातच आजचे विद्यार्थी मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांची सरमिसळ करतात आणि पुष्कळदा रोमन लिपीत लिहितात. इंग्रजी मजकुरावर घडवलेली प्रणाली येथे जशीच्या तशी लावणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे. आपले लेखन कोणीतरी तपासते हे कळताच लिहिणारा सावध होतो. तो ॲप सोडत नाही. केवळ खरे लिहिणे सोडतो. ज्याला आधाराची सर्वाधिक गरज आहे, तोच सर्वांत आधी गप्प होण्याची शक्यता असते. अशा प्रकारे पहारा वाढवल्याने दिसणे कमी होते. म्हणून गोपनीयता हा सुरक्षिततेच्या वाटेतील अडथळा मानता येत नाही. ती सुरक्षिततेची पूर्वअट होय.

विश्वासभंगाचे काही धडे :

ही भीती काल्पनिक नाही, हे अलीकडच्या काही घटनांवरून दिसून येते. ब्रिटनमधील 'समॅरिटन्स' या नामांकित संस्थेने २९ ऑक्टोबर २०१४ रोजी 'समॅरिटन्स रडार' ही सेवा सुरू केली. ट्विटरवर आपण ज्यांचे लेखन वाचतो त्यांच्या संदेशांत निराशेचे शब्द आढळल्यास ही सेवा आपल्याला कळवीत असे; मात्र ज्याचे संदेश तपासले जात त्याला त्याची कल्पना नसे. ज्यांच्या भल्यासाठी ही सेवा होती त्यांच्यातूनच तीव्र आक्षेप आले. ही माहिती छळ करणाऱ्याच्या हातीही पडू शकते, हे निदर्शनास आणले गेले. अवघ्या नऊ दिवसांत, ७ नोव्हेंबर रोजी, सेवा स्थगित झाली आणि मार्च २०१५ मध्ये ती कायमची बंद करण्यात आली. येथे हेतू निर्मळ होता आणि संदेशही जाहीर होते, तरीही संमतीविना केलेली पाहणी लोकांनी नाकारली. रोजनिशी तर मुळातच जाहीर नसते.

अमेरिकेतील 'क्रायसिस टेक्स्ट लाइन' ही लेखी संदेशांवर चालणारी हेल्पलाइन २०१३ मध्ये सुरू झाली. तेथील संभाषणांची नावे वगळलेली माहिती ग्राहकसेवेची प्रणाली बनविणाऱ्या एका नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला दिली जात होती, ही बाब जानेवारी २०२२ मध्ये प्रकाशात आली. टीकेनंतर त्याच महिन्याच्या अखेरीस ही देवाणघेवाण थांबविण्यात आली. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर, वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातीसाठी इतर कंपन्यांना दिल्याचा ठपका ठेवला आणि ७८ लाख डॉलर भरण्याची तडजोड झाली. दोन्ही ठिकाणी आधार देणारी व्यवस्था आणि माहितीतून लाभ घेणारी व्यवस्था एकाच छपराखाली होती, हे लक्षात घ्यावयास हवे.

उत्तर यंत्रानेच द्यावे काय, हा प्रश्नही आता उपस्थित झाला आहे. 'कोको' या परस्पर-आधार सेवेत सुमारे ४,००० जणांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने लिहिलेली उत्तरे दिल्याचे तिच्या संस्थापकाने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. उत्तरे चांगली वाटत होती. परंतु ती यंत्राच्या मदतीने तयार झाली हे कळल्यावर लोकांना ती नकोशी झाली, असे त्याने नमूद केले. आपले कोणीतरी ऐकले, ही भावनाच संकटातील माणसाला हवी असते. ऐकणारा कोण आहे हे लपवून ती देता येत नाही.

खाजगी आधाराची रचना :

मग ॲपने काय करावे? याचे उत्तर एका साध्या भेदात सापडते. लेखनावर पहारा ठेवणे आणि लेखनाशेजारी दार ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दार लिहिणाऱ्यानेच उघडावयाचे असते; परंतु ते अंधारातही सापडेल अशा जागी असावे लागते. त्या दृष्टीने पुढील पाच घटक आवश्यक वाटतात.

(१) सदैव दिसणारे मदतीचे बटण : हे बटण प्रत्येक पानावर, प्रत्येकाला, सारखेच दिसावे. कोणाचेही लेखन न वाचता ते दाखवता येते. त्यामुळे त्यात शिक्का मारण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामागे खरी हेल्पलाइन असावी. भारत सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरजेनुसार तज्ज्ञांकडे जोडून देतात.

(२) सुरक्षा-आराखडा : बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेली ही सहा टप्प्यांची लेखी योजना आहे. संकट जवळ येत असल्याची आपली स्वतःची लक्षणे. एकट्याने करता येण्याजोगे उपाय. मन दुसरीकडे वळविणारी माणसे व ठिकाणे. ज्यांना मोकळेपणाने सांगता येईल अशी माणसे. तज्ज्ञ व हेल्पलाइन. आणि भोवतालचा परिसर सुरक्षित करणे, असे हे टप्पे होत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील १,६४० रुग्णांची तुलना करण्यात आली. आराखडा आणि त्यानंतरचे दूरध्वनी मिळालेल्या रुग्णांत पुढील सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ४५ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र तेथे आराखडा माणसाबरोबर बसून केला होता आणि नंतर माणसानेच विचारपूस केली होती. म्हणून ॲपमध्ये तो जपून ठेवता येईल, परंतु समुपदेशकाबरोबर बसून भरणे इष्ट.

(३) तपासणी केल्यास ती यंत्राच्या आतच : एखाद्या ॲपला धोक्याचे शब्द ओळखून मदतीचे बटण अधिक ठळक करावयाचे असेल, तर ती तपासणी वापरकर्त्याच्या भ्रमणध्वनीतच व्हावी. ना मजकूर, ना तपासणीचा निष्कर्ष कंपनीच्या संगणकाकडे जावा. वापरकर्त्याने स्वतः निवडल्यावरच ही सोय सुरू व्हावी आणि केव्हाही बंद करता यावी. असे असल्यास ५५ चुकीच्या इशाऱ्यांची किंमत केवळ एक अनावश्यक वाक्य वाचण्याइतकी राहते. घरी दूरध्वनी जाण्याइतकी होत नाही.

(४) कुलूप आणि किल्ली : मजकूर सांकेतिक रूपात साठवावा आणि तो उलगडण्याची किल्ली केवळ लिहिणाऱ्याकडे असावी. ज्याला वाचताच येत नाही त्याला मजकूर विकता येत नाही आणि तो चोरीलाही जात नाही. मदतीचे बटण किती वेळा दाबले, ही नोंदही माहितीच होय. तीसुद्धा कंपनीकडे साठू नये.

(५) मर्यादेचे प्रामाणिक निवेदन : 'येथील लेखन कोणीही वाचत नाही, म्हणून येथे लिहिले म्हणजे कोणाला कळले असे समजू नये. बोलावेसे वाटल्यास हे दार आहे.' अशा अर्थाचे निवेदन साध्या मराठीत पहिल्याच पानावर असावे. आपण लिहिले आहे म्हणजे कोणीतरी येईल, ही खोटी आशा सर्वांत घातक ठरू शकते.

असे बटण सतत डोळ्यांसमोर ठेवल्याने नको ते विचार सुचतील, अशी शंका घेतली जाते. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतील २,३४२ विद्यार्थ्यांवरील २००५ च्या अभ्यासात आत्महत्येविषयी थेट प्रश्न विचारल्याने विद्यार्थ्यांची अस्वस्थता किंवा तसे विचार वाढले नाहीत, असे आढळले. विचारणे हे धोक्याचे नसते, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा धडा होय.

कायद्याची चौकट :

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ व २४ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क असून तो संगणकीय स्वरूपातील माहितीलाही लागू होतो. जीविताला धोका असल्यास माहिती देता येते, परंतु केवळ आवश्यक तेवढीच. हे बंधन प्रामुख्याने उपचार करणाऱ्यांवर आहे. रोजनिशीचे ॲप चालविणारी कंपनी त्यात सरळपणे बसत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यानुसार १८ वर्षांखालील वापरकर्त्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते आणि त्याच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत यातून एक नाजूक प्रश्न निर्माण होतो. घरातील ताण हाच लेखनाचा विषय असेल, तर रोजनिशीसाठी घरच्यांचीच संमती मागावी लागते.

आणखी एक बाब विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरविणारे जुने कलम ३०९ राहिलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा दंडनीय आहे. 'सांगितले तर पोलीस येतील' ही भीती अनेकांना गप्प ठेवते. तिचे निराकरण कोणतेही ॲप करणार नाही, ते शिक्षकालाच करावे लागेल.

एक गंभीर आक्षेप :

या मांडणीवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ज्याने दार उघडले नाही त्याचे काय? पहारा असता तर कदाचित तो वाचला असता. हा आक्षेप खरा आहे. दाराच्या पद्धतीत काही माणसे निसटतील, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पहाऱ्याच्या पद्धतीत निसटणारी माणसे मोजलीच जात नाहीत. कारण त्यांनी ती वाक्ये लिहिलेलीच नसतात. शिवाय ज्याच्या घरी अविचाराने दूरध्वनी गेला, ज्याचे शिक्षण थांबविण्यात आले किंवा ज्याला वसतिगृह सोडावे लागले, त्याची हानीही हिशेबात धरावी लागते. दार न उघडणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याचे काम रोजनिशीचे नाहीच. ते वर्गात हजेरी घेणाऱ्या, सलग चार दिवस रिकामा राहिलेला बाक पाहणाऱ्या माणसाचे आहे.

निष्कर्ष :

(१) रोजनिशीतील लेखन उपयुक्त असले तरी ते उपचाराला पर्याय नाही. लेखनानंतरचा काळ नाजूक असू शकतो.

(२) संमतीविना लेखन तपासून परस्पर कळविणे गणिताच्या, भाषेच्या आणि विश्वासाच्या अशा तिन्ही कसोट्यांवर अयोग्य ठरते.

(३) सर्वांना दिसणारे मदतीचे बटण, वापरकर्त्याचा स्वतःचा सुरक्षा-आराखडा, यंत्राच्या आतच राहणारी माहिती आणि मर्यादेचे स्पष्ट निवेदन या गोष्टी असलेले ॲपच विद्यार्थ्यांना सुचवावे.

(४) ॲप सुचविण्यापूर्वी संबंधित प्राध्यापकाने ते स्वतः वापरून पाहावे. मजकूर कोठे साठतो, किल्ली कोणाकडे असते आणि त्यातील हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्यक्षात लागतो काय, याची खात्री करावी.

(५) विद्यार्थ्याने आपणहून रोजनिशीचे पान दाखविल्यास ते शांतपणे वाचावे, थेट विचारावे, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच्यासमोरच, त्याला सांगून, समुपदेशकाशी किंवा १४४१६ शी संपर्क साधावा.

रोजनिशीचे पान बंद राहण्याचा हक्क जितका मोलाचा, तितकेच ते एखाद्यासमोर उघडावेसे वाटणेही मोलाचे आहे. ॲपमधील दाराच्या पलीकडे ऐकणारा माणूस असला, तरच त्या दाराला अर्थ उरतो.